डबल बेल! कडा ते कसबा पेठ

एसटी, पीएमपी, बेस्ट आणि आता जमिनीखालून धावणारी मेट्रो. स्वतःची गाडी नसताना शहरात बिनधास्त फिरायचं कसं? त्याचं ट्रेनिंग आपल्यापैकी अनेकांना गावाकडच्या स्टँडवरच मिळालेलं असतं. फक्त ते वापरायला आपण लाजतो.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला कुठल्याही आयटी पार्कच्या गेटवर उभे राहा. तीन प्रकारची माणसं दिसतील. पहिली, हेल्मेट हातात घेऊन पार्किंगकडे निघालेली. दुसरी, मोबाइलवर कॅबचं भाडं वाढताना बघत सुस्कारे सोडणारी. आणि तिसरी, घोळक्यातून हळूच सटकून बसस्टॉप गाठणारी. ही तिसरी जमात गमतीशीर आहे. 'कसा जातोस रे?' असं विचारलं की 'असंच, मिळेल त्याने' म्हणून विषय बदलते. पंचवीस हजाराचा फोन हप्त्यावर घेतलाय हे आपण कौतुकाने सांगतो, पण बसने जातो हे सांगताना जीभ अडखळते. का बरं?

मी याच तिसऱ्या जमातीतली. फ्रीलान्स पत्रकाराला एक ठरलेलं ऑफिस नसतं. सकाळी पिंपरी, दुपारी डेक्कन, संध्याकाळी हडपसर असा दिवस असतो आणि महिन्यातून दोनदा मुंबई. त्यामुळे बस आणि मेट्रो हेच माझं फिरतं टेबल. आणि मी मूळची कड्याची. कडा म्हणजे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं, नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण बीड असलं तरी दवाखाना, लग्नाची खरेदी, पुढचं शिक्षण या सगळ्यासाठी आमची माणसं नगरची वाट धरतात. २०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं. पण बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येतं, म्हणून इथेही तेच लिहिते.

स्टँड नावाचा क्रॅश कोर्स

गावाकडच्या मुलामुलींचा प्रवासाचा कोर्स दहावीच्या आतच पूर्ण झालेला असतो. स्टँडवर उभं राहिलं की तीन गोष्टी आपोआप अंगात भिनतात.

पहिली, पाटी वाचणं. गाडी धुरळा उडवत वळायच्या आत ती जामखेडकडची की नगरकडची हे कळायला हवं, आणि खालचं बारीक अक्षरातलं 'मार्गे' सुद्धा. गाव तेच असलं तरी 'मार्गे' बदललं की तास-दीड तासाचा फरक पडतो. दुसरी, घंटीची भाषा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल बेल ऐकली की धावत्या माणसाने आशा सोडायची. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, विचारणं. 'ही नगरला जाती का?' हे कंडक्टरला विचारायचं, खात्रीसाठी शेजारच्या आजोबांना विचारायचं आणि आत बसल्यावर पुन्हा एकदा विचारायचं. तिथे कुणी हसत नाही. न विचारता चढणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

आमच्या या वाटेला इतिहासही आहे बरं का. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे आणि नगर यांच्या दरम्यान. म्हणजे आज कड्याचा एखादा पोरगा नगरला गाडी बदलून पुण्याला निघतो, तेव्हा पुढचे साधारण १२० किलोमीटर तो राज्यातल्या सगळ्यात जुन्या एसटी मार्गावरून जात असतो. कॉलर ताठ करायला एवढं कारण पुरेसं आहे.

नगरला मात्र नवख्याची परीक्षा असते. शहरात स्टँड एक नाही, तीन आहेत. माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड. आमच्या भागातली गाडी माळीवाड्याला सोडते आणि पुण्याच्या गाड्यांसाठी पुणे स्टँड गाठायचं असतं. हे माहीत असलेला माणूस सरळ निघतो. माहीत नसलेला अर्धा तास चुकीच्या फलाटावर रसवंतीचा आस्वाद घेत बसतो.

'न. ता. वाडी' म्हणजे काय रे भाऊ?

पुण्यात उतरल्यावर हाच कोर्स कामाला येतो, फक्त सिलॅबस थोडा बदलतो. पीएमटी आणि पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र आल्या आणि पीएमपीएमएल झाली. बोलताना कुणी पीएमपी म्हणतं, तर जुने पुणेकर अजून 'पीएमटी'च म्हणतात. पुण्याचा पहिला नियम हाच. पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडात दुसरं.

पाटीवर 'मनपा' असतं, विचारलं तर लोक 'कॉर्पोरेशन' म्हणतात. 'न. ता. वाडी' हे एखाद्या कवीचं नाव वाटेल, पण ती शिवाजीनगरजवळची नरवीर तानाजी वाडी. 'अप्पर' म्हणजे डबल डेकरचा वरचा मजला नव्हे, बिबवेवाडीकडचं अप्पर इंदिरानगर. आणि एसटीने येणाऱ्यांसाठी खास सापळा म्हणजे शिवाजीनगर. २०१९ च्या अखेरीला मेट्रोच्या कामासाठी तिथलं एसटी स्टँड वाकडेवाडीला हललं. तेव्हापासून 'शिवाजीनगरला उतर' एवढंच सांगितलेल्या पाहुण्याची हमखास पंचाईत होते.

आणखी एक. सवयीने आपण बसच्या डाव्या दाराशी उभे राहतो. पण बीआरटीच्या लेनमध्ये थांबा रस्त्याच्या मधोमध असतो आणि दार उघडतं उजवीकडे. उतरायचं असेल तर बीआरटीत शिरताना बाजू बदला, नाहीतर गर्दीला 'सरका, सरका' म्हणेपर्यंत डबल बेल झालेली असते. डावीकडच्या सीट महिलांसाठी राखीव असतात, तेव्हा कानात इअरफोन घालून डोळे मिटायचा जुना फंडा चालणार नाही. बायका उठवतात, आणि बरोबर करतात.

मावशीची मेट्रो

आता मुद्द्याचं. आमची मावशी कड्यात राहते, वय साठीच्या पुढे. डोळ्यांच्या तपासणीसाठी तिला पुण्याला यावं लागतं. तारीख ठरलेली असते, चुकवून चालत नाही. पण ती मला फोन करून आधी विचारायची, 'तुला सुट्टी हाय का?' कारण तिला स्टँडवर घ्यायला कुणीतरी जायला हवं. माझी डेडलाइन असली की ती म्हणायची, 'र्‍हाऊ दे बाई, पुढच्या महिन्यात येते.' अशा दोन तारखा गेल्या. डॉक्टर ओरडले ते वेगळंच. रिक्षाने ये म्हटलं की तिला भाड्याचं टेन्शन, आणि त्याहून जास्त, 'कुठं नेऊन सोडील' याचं.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघींनी मिळून तिचा रस्ता ठरवला. त्यात एक साधी गोष्ट लक्षात आली. नगरहून येणारी एसटी नगर रोडनेच पुण्यात शिरते आणि मेट्रोचं रामवाडी स्टेशन याच रस्त्यावर आहे. मग शहराच्या पोटात शिरून वाकडेवाडीपर्यंत ट्रॅफिकमध्ये ताटकळायचं कशाला? कंडक्टरला आधी सांगून रामवाडीच्या जवळात जवळच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून मेट्रो धरायची. रामवाडीनंतर सातवं स्टेशन सिव्हिल कोर्ट. तिथे गाडी बदलायची. मग कसबा पेठ, मंडई आणि शेवटचं स्वारगेट. मावशीने चिठ्ठीवर लिहून घेतलं, 'सातवं, मग खाली, मग शेवटचं.'

या 'खाली'ची मात्र तिला धास्ती होती. साहजिक आहे. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका पुलावरून जाते आणि पिंपरीहून स्वारगेटला जाणारी सिव्हिल कोर्टला जमिनीखालून. त्यामुळे गाडी बदलताना वरून थेट पाताळात उतरावं लागतं. हे भुयारी स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी जमिनीत गाडल्यासारखी. पुढे बोगदा मुठा नदीच्या खालून जातो. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि पेठांमधलं अंतर चक्क मिनिटांवर आलं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. सरकत्या जिन्यासमोर मावशी थबकली. मागे दोन कॉलेजची पोरं ताटकळली. मावशीने वळून त्यांनाच विचारलं, 'पाय कवा टाकायचा रं?' एका पोराने हात पुढे केला आणि म्हणाला, 'आजी, पिवळ्या रेघेच्या आत टाका.' झालं. खाली पोहोचेपर्यंत त्याचं गाव, शिक्षण, लग्न ठरलंय का, इथपर्यंत चौकशी झाली होती. माझ्या मैत्रिणीला त्याच स्टेशनवर एक्झिट सापडेना तेव्हा ती दहा मिनिटं मोबाइल गोल-गोल फिरवत उभी होती, पण गार्डला विचारलं नाही. लाज वाटली म्हणे.

पुढच्या तारखेला मावशीने फोन केला तो घरून नव्हे, स्वारगेटहून. 'मी आले. तू तुझं काम कर. मी काय तान्ही हाय का घ्यायला यायला?' तेव्हापासून तिची एकही तारीख चुकलेली नाही. जेवढी सोय तिची झाली तेवढीच माझी. आणि खरं सांगायचं तर आता ती राहायलाही जास्त वेळा येते, कारण परत जाणं तिच्या हातात आहे.

मुंबईत 'सबवे' म्हटलं की

शब्दांची गंमत बघा. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली भुयारी रेल्वे सुरू झाली तिला ते सबवे म्हणतात. मुंबईत सबवे म्हणजे पावसात तुंबणारा अंधेरीचा भुयारी रस्ता. त्यामुळे मुंबईकराला 'सबवेने ये' म्हणालात तर तो गमबूट घालून येईल.

जमिनीखालून गाडी ही कल्पना तशी फार जुनी. लंडनमध्ये ती १८६३ मध्येच धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. आपल्या देशात मान कोलकात्याचा, १९८४ चा. मुंबईची पूर्ण भुयारी म्हणावी अशी मेट्रो ३ तुकड्यातुकड्यांनी सुरू होत ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर. गंमत म्हणजे तिचंही नाव अ‍ॅक्वा लाइन आणि पुण्यातल्या वनाझ-रामवाडीचंही अ‍ॅक्वा लाइन. पुण्याची अ‍ॅक्वा पुलावरून जाते, मुंबईची भुयारातून. मित्राला पत्ता पाठवताना शहराचं नाव लिहायला विसरू नका!

पण मुंबईची खरी मजा वर रस्त्यावर आहे, बेस्टमध्ये. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी तिथली पहिली मोटारबस धावली. बेस्टच्या जुन्या पाट्यांवर समोर बसनंबर मराठी आकड्यात असायचा. मोठमोठ्या डिग्र्या घेऊन बाहेरून आलेले साहेब स्टॉपवर '५' आणि '४' मध्ये गोंधळून उभे राहायचे, आणि गावाकडून आलेला पोरगा लांबूनच नंबर ओळखून हात दाखवायचा. आता बोर्ड डिजिटल झाले, पण तो आत्मविश्वास आपला आपण टिकवायला काय हरकत आहे?

मेट्रोचा नकाशा वाचतानाही थोडं गावाकडचं डोकं लागतं. आज जगभर दिसणारे सरळ रेषांचे रंगीत नकाशे हॅरी बेक या ड्राफ्ट्समनच्या कल्पनेतून आले. लंडनसाठी त्याने काढलेला असा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. त्याने खरी अंतरं सोडून दिली आणि फक्त क्रम ठेवला. त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर चालायला दोन मिनिटांचं असेल किंवा वीस मिनिटांचं. म्हणून उतरल्यावर पुन्हा तोच उपाय, विचारा.

हिशोब, एकदम प्रामाणिक

'पण बाइक स्वस्त पडते ना?' हा प्रश्न येणारच. चला, हिशोब करू. पीएमपीचं भाडं १ जून २०२५ पासून वाढलं. किमान तिकीट १० रुपये, महिन्याचा पास ९०० वरून १,५०० रुपये. रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस धरले तर ४८० किलोमीटर होतात. बाइक लिटरला ४५ देत असेल तर साधारण पावणेअकरा लिटर पेट्रोल, शंभरच्या वरच्या दराने अकराशेच्या आसपास. म्हणजे नुसत्या पेट्रोलवर बाइक जिंकते! कबूल. पण हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पावसाळ्यात बदललेला टायर आणि नो पार्किंगचा दंड यात धरलेला नाही. तो धरला की पारडं फिरतं.

मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा हिशोब. बाइकवाल्याला घर ते ऑफिस हा एकच रस्ता पाठ असतो. बसवाल्याला शहर कळतं. आणि बस सगळ्यांनी सोडली की तिच्या फेऱ्या कमी होतात, मग ज्यांना पर्यायच नाही त्यांचे हाल होतात. आमच्या भागाने हे पाहिलंय. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ मध्ये एसटीचा संप झाला तेव्हा स्टँड ओस पडले. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. काळी-पिवळीत दाटीवाटीने जायला जिच्या घरून परवानगी नव्हती, तिचं कॉलेज थांबलं.

मुलींच्या शिक्षणाचं आणि एसटीचं नातं सरकारलाही ठाऊक आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीत तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. कर्नाटकाने त्याच वर्षी जूनमध्ये राज्यातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत केला. दिल्लीने तर २०१९ मध्येच शहरबसमध्ये सुरुवात केली होती. एक गोष्ट मात्र पाहुण्यांना आधी सांगा. एसटीतलं अर्धं तिकीट पीएमपी आणि मेट्रोत चालत नाही. मावशीने कंडक्टरशी यावरून जो वाद घातला तो सगळ्या बसने मनापासून ऐकला.

आणि तुम्ही कड्याला आलात तर?

प्रवास उलटाही होतो. ऑफिसातली मंडळी 'एकदा गाव बघायचंय' म्हणतात आणि मग 'कॅब मिळेल ना?' असं विचारतात. नाही मिळणार! पण आता रेल्वे मिळते. १९९५ मध्ये मंजूर झालेला २६१ किलोमीटरचा नगर-बीड-परळी मार्ग एवढा रखडला की आमच्याकडे 'रेल्वे येईल तेव्हा बघू' हे नकाराचं दुसरं नाव झालं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर ते आष्टी गाडी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडपर्यंत पोहोचली. वाटेत कडा स्टेशन आहे. फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे वेळ आधी बघा. चुकली तर एसटी आहेच.

स्टँडवर उतरलात की मोबाइल खिशात ठेवा आणि पहिल्या टपरीवर पत्ता विचारा. दोन माणसं रस्ता सांगतील, तिसरा सोबत चालायला लागेल. शहरात नवं असण्याची आपल्याला जी भीती वाटते ती इथे वाटणार नाही. आणि एकदा इथे विचारायची सवय लागली की स्वारगेटलाही जीभ अडखळत नाही. मला विचाराल तर शहरात किती वर्षं राहिलो यावर माणूस शहराचा होत नाही. स्टॉपवर एखादा नवखा 'ही बस कुठे जाते हो?' असं विचारतो आणि आपण न अडखळता सांगतो, 'ही नको, मागची घ्या', त्या दिवशी तो होतो.

खिशात ठेवा

• पाहुण्याला पत्ता देताना पाटीवरचं नाव आणि बोलीतलं नाव, दोन्ही सांगा. 'मनपा, म्हणजे कॉर्पोरेशन.'

• मेट्रोत स्टेशनचं नाव आणि 'कितवं' हे दोन्ही लिहून द्या. गर्दीत बोर्ड दिसत नाही, बोटं मोजता येतात.

• भुयारी मेट्रोचं मोबाइल तिकीट खाली उतरण्याआधीच काढून ठेवा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

• यूपीआय आलं तरी दहा-वीसच्या चार नोटा जवळ असू द्या. बॅटरी नेमकी शेवटच्या बसलाच संपते.

• मधल्या थांब्यावर उतरायचं असेल तर तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगा. थांबा आल्यावर ओरडून उपयोग नाही.

• सरकत्या जिन्यावर, दारात किंवा बोगद्यात कुणी थबकलं तर मागून चुकचुकू नका. हात पुढे करा. ती कुणाची तरी मावशी असते.